प्रीमेडला चाललेल्या लेकीची कॉलेजआधीची सुट्टी: बाबांची एक्सेल शीट की स्विमिंग पूल?

पारिजातक_२

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

लेक ऑगस्टमध्ये कॉलेजला चालली, स्टेट युनिव्हर्सिटी, घरापासून गाडीने चार तास. मेजर बायोलॉजी आणि प्रीमेड, म्हणजे मेडिकलला जायची तयारी, करायचं म्हणते. आम्ही दोघं आयटीवाले, इकडे नात्यात डॉक्टर कोणी नाही आणि डोक्यात अजून तेच आपलं, बारावी झाली की मेडिकल आणि साडेपाच वर्षांत डॉक्टर. इथे अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज, मग अर्ज, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी (हॉस्पिटलातलं प्रशिक्षण), हे सासूबाईंना फोनवर समजावताना माझीच दमछाक होते. त्यांचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे अजून अ‍ॅडमिशन झालीच नाही का तिची?"

तर आता हातात आहेत साधारण दहा आठवडे. नवऱ्याने एक्सेल शीट बनवलीय, रंगबिरंगी, आठवड्यावार. त्यात काय काय आहे तर कम्युनिटी कॉलेजात ऑर्गॅनिक केमिस्ट्री "उरकून टाकायची", एमकॅटच्या (मेडिकल स्कूलची प्रवेश परीक्षा) पुस्तकांचा अख्खा सेट आणलाय त्यातला रोज एक धडा, आणि जुलैत चार आठवडे भारतात माझ्या भावाच्या नर्सिंग होममध्ये शॅडोइंग, म्हणजे भाऊ ऑपरेशन करेल आणि ही बघेल. मधे एक ऑनलाइन "फ्यूचर डॉक्टर्स" कॅम्पपण आहे, फी वाचून मी लॅपटॉप बंद केला.

लेकीला काय हवंय? गावातल्या पूलवर लाइफगार्डची नोकरी. मैत्रिणी सगळ्या तिकडेच आहेत. आणि यात एक गोष्ट आहे जी मला आत कुठेतरी टोचते. ती दोन वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, आणि ग्रीन कार्ड आत्ता कुठे गेल्या वर्षी हातात पडलं. तोवर एच-४ वर होती, म्हणजे वर्क व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा. बरोबरीच्या मुली दहावी-अकरावीपासून आइस्क्रीमच्या दुकानात, कॅफेत काम करायच्या आणि ही म्हणायची मला इंटरेस्ट नाही. इंटरेस्ट होता हो, परवानगी नव्हती. आता पहिल्यांदा कायद्याने कमवू शकते आणि आम्ही तिच्या हातात ऑर्गॅनिक देतोय.

नवरा म्हणतो पोहायला आयुष्य पडलंय. खरं सांगा, कोणाचं बरोबर?

रात्रपाळी

ताई, मी इंटर्नल मेडिसिनचा रेसिडेंट आहे, दुसरं वर्ष, इकडेच शिकलो. आता पोस्ट-कॉल आहे, म्हणजे ड्यूटी नुकतीच संपलीय, त्यामुळे मराठी वाकडं झालं तर समजून घ्या, पण झोपायच्या आधी हे लिहिलंच पाहिजे कारण ऑर्गॅनिक वाचून माझी झोप उडाली.

काकांना प्रेमाने सांगा, ऑर्गॅनिक उरकायची गोष्ट नाही. एक तर तिच्या आधी जनरल केमिस्ट्रीचे दोन सेमिस्टर बहुतेक ठिकाणी लागतातच, एपीचं (हायस्कूलातल्या कॉलेज दर्जाच्या कोर्सचं) क्रेडिट असलं तर कदाचित बसता येईल पण बसू नये. दुसरं, पंधरा आठवड्यांचा कोर्स आठ आठवड्यांत कोंबलेला असतो. आणि तिसरं, जे कोणी आधी सांगत नाही ते म्हणजे मेडिकल स्कूलचा अर्ज एएमसीएएस नावाच्या सेंट्रल सिस्टीममधून जातो आणि तिथे आयुष्यात घेतलेला प्रत्येक कॉलेज कोर्स दाखवावा लागतो. कुठल्याही कॉलेजातला, समरमधला, हायस्कूलात असताना घेतलेला सुद्धा. युनिव्हर्सिटीने ती ग्रेड आपल्या जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरली नाही तरी एएमसीएएस धरतं, आणि कोर्स परत घेतला तर दोन्ही ग्रेड धरतं, जुनी पुसली जात नाही. गणित बघा, १२० क्रेडिटच्या डिग्रीत ४ क्रेडिटच्या एका कोर्सला ए च्या जागी सी आला तर शेवटच्या जीपीएतून ०.०७ च्या आसपास गेले. ऐकायला काहीच नाही. पण बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ यांचा वेगळा जीपीए काढतात, तिथे क्रेडिट कमी म्हणून तोच सी जास्त लागतो, आणि हे सगळं कॉलेजचा पहिला दिवस उजाडायच्या आधी. कशाला?

एमकॅटचं तर सोडाच. चार सेक्शन, २३० प्रश्न, ब्रेक धरून साडेसात तास, ४७२ ते ५२८ मधे स्कोअर. त्यात बायोकेमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी येतं जे तिने अजून कॉलेज लेव्हलला शिकलेलंच नाही. आत्ता पाठ केलेलं तिसऱ्या वर्षापर्यंत राहत नाही. बरं आत्ता परीक्षा दिली असं समजा (देऊ नका!) तरी बऱ्याच शाळा तीनेक वर्षांपेक्षा जुना स्कोअर धरत नाहीत. एकच सेक्शन असा आहे की ज्याची तयारी आत्तापासून होते आणि गंमत म्हणजे त्याला पुस्तकांचा सेट लागत नाही. सीएआरएस म्हणतात, ९० मिनिटांत ५३ प्रश्न, उतारे तत्त्वज्ञान, इतिहास, कला असले, सायन्सचा संबंध नाही, बाहेरचं ज्ञान लागत नाही. आपली आयटीवाल्यांची हुशार पोरं तिथेच आपटतात, मी पण आपटलो होतो पहिल्यांदा. ज्याला लांब आणि कंटाळवाणं गद्य न कंटाळता वाचायची सवय आहे तो तरतो. तर पूलवरून आल्यावर तिला वाचू दे, काहीही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

अभ्यासाचं एकच काम या समरला आहे, ते म्हणजे प्लेसमेंट टेस्ट. तिच्या युनिव्हर्सिटीचे ईमेल उघडून बघायला सांगा, मॅथची आणि काही ठिकाणी केमिस्ट्रीची पण असते, अ‍ॅलेक्स नावाच्या ऑनलाइन टेस्टवर बऱ्याचदा. पोरं सोफ्यावर लोळत अर्ध्या तासात देऊन टाकतात, मग प्रीकॅल्क्युलसच्या खाली टाकलं की जनरल केमिस्ट्री पहिल्या सेमिस्टरला मिळत नाही आणि पुढची सगळी आगगाडी एक स्टेशन मागे. दोन आठवडे रोज तासभर अल्जेब्रा, लॉगॅरिदम, युनिट कन्व्हर्जन, मोलची गणितं. बस.

आणि लाइफगार्ड तर झकास. ट्रेनिंगमध्ये सीपीआर, एईडी, फर्स्ट एड सगळं येतं. पण त्यासाठी नका पाठवू. एएमसीएएसमध्ये जास्तीत जास्त १५ अ‍ॅक्टिव्हिटी लिहिता येतात आणि त्यातल्या ३ पर्यंत "सर्वात महत्त्वाच्या" म्हणून निवडायच्या. माझ्या तिन्हींतली एक ग्रोसरी स्टोअरच्या कॅश काउंटरची होती. इंटरव्ह्यूला रिसर्चबद्दल एक प्रश्न आला आणि काउंटरबद्दल चार. एक आजोबा रोज यायचे, एक केळं घ्यायचे आणि नाणी मोजायला पाच मिनिटं लावायचे, मागची लाइन वैतागलेली. आज वॉर्डात कोणी हळू बोलणारं भेटलं की मला ते केळं आठवतं. झोपतो आता.

काथ्याकूट

डॉक्टरसाहेब, छान लिहिलंत, पण मला हे "मजा करू द्या" प्रकरण पटत नाही. इथे सगळे तेच सांगतात आणि स्वतःच्या पोरांना गुपचूप कुठल्यातरी लॅबमध्ये चिकटवतात, मी पाहिलंय. दरवर्षी पन्नास हजारांवर मुलं अर्ज करतात आणि तेवीस हजारांच्या आसपास आत जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त बाहेर. त्यात प्रीमेड म्हणून सुरू करून मधेच सोडलेले धरलेलेच नाहीत.

माझ्या मुलाने कॉलेजआधीच्या ह्याच सुट्टीत सीएनए केलं, सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंट. फेडरल नियमाने किमान ७५ तासांचं ट्रेनिंग, काही राज्यांत त्याहून जास्त, मग परीक्षा, मग नर्सिंग होममध्ये काम. काम म्हणजे काय तर म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं, आंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं. पहिल्या आठवड्यात घरी येऊन जेवला नाही. तिसऱ्या आठवड्यात एक आजी, ज्यांना तो रोज भरवायचा, त्या गेल्या. आणि समर संपताना त्याने आम्हाला बसवून सांगितलं की बाबा मला हे जमणार नाही, मला माणसांचं दुःख घरी घेऊन यायला होतं. आज अकाउंटिंगमध्ये आहे, मजेत आहे. मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण अठराव्या वर्षी कळलं ते बरं का पंचविसाव्या वर्षी डोक्यावर कर्ज घेऊन?

म्हणून म्हणतो, पूलवर बसून हे कळत नाही. पेशंटला हात लावल्याशिवाय कळत नाही.

रात्रपाळी

उठलो. काका, तुमच्याशी ९० टक्के सहमत, सीएनए म्हणजे या यादीतला सगळ्यात खरा अनुभव, मला तर वाटतं शॅडोइंगचे शंभर तास एका बाजूला आणि बेडपॅनचा एक महिना दुसऱ्या बाजूला. फक्त वेळेचं बघा, क्लास मिळणं, परीक्षा, मग नोकरी, दहा आठवड्यांतले सहा-सात तिथेच जातात आणि ऑगस्टमध्ये ही चार तास लांब. फर्स्ट इयर संपल्यावरच्या समरला करू दे, तेव्हा अख्खे तीन महिने असतात. ईएमटी (रुग्णवाहिकेवरचं काम), स्क्राइब (डॉक्टरच्या नोंदी लिहिणं), फ्लेबोटॉमी (रक्त काढणं), सगळं तेव्हा. आणि तुमच्या मुलाला सलाम, ते वाक्य बोलायला आमच्या बॅचमधल्या काहींना दहा वर्षं लागली.

खाटा_वीस

नमस्कार. मी तुमच्या त्या भावाच्या जातीचा माणूस. तालुक्याच्या गावाला वीस खाटांचं हॉस्पिटल आहे, सर्जन आहे, आणि दर मे ते जुलै अमेरिकेतून भाचे, पुतणे, मित्रांची पोरं येतात "शॅडोइंग"ला. तेव्हा माझी बाजू पण ऐका.

पोरं गोड असतात. पण तीन वर्षांपूर्वी एकाने, नाव नको, मला विचारलं की काका मी एक टाका घालू का, फोटो काढायचाय, अर्जात लागेल. मी त्याला बाहेर चहा प्यायला पाठवलं. टेबलावर जो झोपलाय तो शेतमजूर आहे, त्याने विश्वासाने अंग माझ्या हातात दिलंय, तुझ्या कॉलेजच्या फॉर्मसाठी नाही. आणि हे मी एकटाच म्हणत नाही, तुमच्याकडच्या मेडिकल कॉलेजांची जी संघटना आहे, एएएमसी, तिनेच परदेशात जाऊन विद्यार्थ्यांनी काय करू नये याच्या सूचना काढल्यात, आणि ट्रेनिंग नसताना पेशंटवर हात चालवला तर अर्जाला फायदा सोडा, नुकसान होऊ शकतं. डॉक्टरसाहेब दुजोरा देतीलच.

दुसरं, तिकडच्या प्रवेश कमिटीला बघायचंय की हिला *तिकडची* आरोग्यव्यवस्था कळते का. इन्शुरन्स, प्रायर ऑथरायझेशन (उपचाराआधी विमा कंपनीची मंजुरी), नर्स, सोशल वर्कर. माझ्याकडे कॅश काउंटरवर बसलेला गणप्या हीच माझी प्रायर ऑथरायझेशन.

मग यायचंच नाही का? या की! पण आजीसाठी या. सकाळी दोन तास माझ्या ओपीडीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसा, वही न काढता. बाई पोटदुखी सांगते आणि दुखतं भलतंच असतं. तिच्यासोबत आलेला नवरा उत्तरं देतो आणि ती जमिनीकडे बघते. सोनोग्राफी सांगितली की आधी पिशवीतल्या पैशांकडे हात जातो. हे दिसलं तर पोरगी काहीतरी घेऊन गेली. ऑपरेशन थिएटरमध्ये काय, हिरव्या कापडातलं एक भोक दिसतं आणि अर्धी पोरं चक्कर येऊन पडतात. नाश्ता करून या म्हणावं.

हिशोबनीस

पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

त्या "फ्यूचर डॉक्टर्स" कॅम्पची फी वाचवा. पैसे देणारा कोणीही त्यात जाऊ शकतो, मग कमिटीला त्यातून काय कळणार? आणि ते पैसे पुढे लागणारेत. २०२५ च्या कायद्याने ग्रॅड प्लस लोन, म्हणजे पदवीनंतरच्या शिक्षणाचं सरकारी कर्ज, नव्या विद्यार्थ्यांना १ जुलै २०२६ पासून बंद, मेडिकलसारख्या कोर्सला फेडरल कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलरपर्यंतच. बऱ्याच मेडिकल स्कूलचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा खर्च ह्याच्या वर जातो, वरचं प्रायव्हेट कर्ज नाहीतर आईबाप. त्यामुळे अंडरग्रॅडला स्टेट युनिव्हर्सिटी निवडलीत ते फारच शहाणपणाचं. पूलच्या पगारातून तिच्या नावाने रॉथ आयआरए (निवृत्तीचं बचत खातं) उघडून द्या, कमाई असल्याशिवाय उघडता येत नाही, आता आहे.

आणि एक, याचा प्रीमेडशी संबंध नाही पण या समरलाच करायचं. लेक १८ ची झाली की तिचा डॉक्टर तुम्हाला तिच्याबद्दल काही सांगायला बांधील नाही, हिपा नावाचा आरोग्य-माहितीच्या गोपनीयतेचा कायदा. कॉलेज सुरू झालं की ग्रेडसुद्धा तिच्या, फर्पा नावाचा शिक्षणाचा तसाच कायदा, तुम्ही फी भरत असलात तरी. आमच्या मुलाला दुसऱ्या महिन्यात रात्री अपेंडिक्सचं निघालं, मी फोनवर ओरडतोय आणि पलीकडची बाई शांतपणे "सॉरी सर". तिची चूक नव्हती. हेल्थकेअर प्रॉक्सी (तिच्या वतीने उपचाराचे निर्णय घ्यायचा अधिकार) आणि हिपा रिलीज (माहिती द्यायची परवानगी) सही करून फोनमध्ये ठेवा, राज्याराज्यात फॉर्म वेगळा असतो, बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतो. आणि तिलाच तिच्या डेंटिस्टची अपॉइंटमेंट फोन करून घ्यायला लावा. डॉक्टर व्हायचंय ना, आधी पेशंट व्हायला शिकू दे.

उंबरठा

ग्रीन कार्डचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो. आमचा मोठा अजून एच-४ वरच आहे, सतरा पूर्ण. त्यालाही डॉक्टर व्हायचंय. २१ ला एज-आउट होईल, म्हणजे आमच्या व्हिसावरून बाहेर, मग एफ-१, विद्यार्थी व्हिसा. अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल स्कूल सिटिझन किंवा ग्रीन कार्ड नसलेल्यांचा अर्जच घेत नाहीत, ज्या घेतात त्यातल्या काही चार वर्षांची फी आधी एस्क्रोमध्ये (तिऱ्हाइताकडच्या राखीव खात्यात) दाखवा म्हणतात, फेडरल कर्ज तर नाहीच. पगाराची नोकरी नाही म्हणून तो हॉस्पिसमध्ये खरंखुरं व्हॉलंटियरिंग करतो, आठवड्याला तीन तास, एका आजोबांना पेपर वाचून दाखवतो. कोणी ह्या वाटेने गेलेलं असेल तर मला मेसेज करा.

आणि पारिजातकताई, तिला नोकरी करू द्या. माझ्यासाठी तरी करू द्या.

पारिजातक_२

सगळ्यांना काय म्हणू. लेकीला देवनागरी वाचायला वेळ लागतो म्हणून काल जेवताना मीच सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. केळंवाल्या आजोबांपाशी ती हसली, काथ्याकूटकाकांच्या आजींपाशी गप्प झाली, नंतर स्वतःच म्हणाली पुढच्या समरला सीएनए करते. उंबरठाताई, तुमचं शेवटचं वाक्य मला वाचवेना, तिनेच स्क्रीनवर बोट ठेवून अक्षरं जुळवत वाचलं.

नवरा काही बोलला नाही. रात्री बघते तर एक्सेल शीटमध्ये ऑर्गॅनिकची ओळ गायब, कॅम्प गायब, प्लेसमेंट टेस्ट लाल रंगात आणि खाली नवीन ओळ, "पूल: सकाळी सोडायला मी". एमकॅटचा सेट परत करायची तारीख उलटून गेलीय, तो आता माळ्यावर. भारताचं डिसेंबरवर ढकललं, भावाला खाटा_वीसांची पोस्ट पाठवली तर तो म्हणाला हा माणूस कोण आहे, मला याच्याशी बोलायचंय.

एक शेवटचं विचारते. कॉलेजजवळच्या हॉस्पिटलमध्ये व्हॉलंटियर व्हायला टीबी टेस्ट मागतात असं वेबसाइटवर दिसलं. हिला जन्मतः भारतात बीसीजी दिलेली आहे, दंडावर व्रण आहे. काही अडचण?

रात्रपाळी

स्किन टेस्ट नका करू, बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे, कागदपत्रं, महिना गेला. ब्लड टेस्ट मागून घ्या, आयजीआरए, त्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. भारतातला लसीकरणाचा कागद सापडतोय का बघा, नसेल तर हेपेटायटिस बी आणि एमएमआरचे टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) त्याच सुईत काढून घ्या. आणि अपॉइंटमेंटला फोन तिला करू दे.